लहान्याची राहिलेली प्रार्थना

कुणी बोलायला लागलं की ताईंचा उजवा हात वर जायचा. पंजा उघडा, बोटं जुळलेली, चारोटी नाक्यावरचा पोलीस ट्रक थांबवतो तसा. पण तो हात बोलणाऱ्यासाठी नसायचा. मध्येच तोंड घालणाऱ्या बाकीच्यांसाठी असायचा. "त्याचं पूर्ण होऊ दे," त्या म्हणायच्या, आणि समोरच्याचं संपेपर्यंत हात खाली घ्यायच्या नाहीत. पालकसभेत, पाड्यावरच्या भांडणात, रविवारच्या प्रार्थनेनंतरच्या गलक्यात, सगळीकडे तोच हात. मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. पुढे एका दुपारी तो माझ्यासाठी वर झाला, आणि त्यानंतर हसू आलं नाही.

तलासरी तालुक्यात, झरीच्या अलीकडच्या एका पाड्यावर मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो. राहायला डहाणूला, रोज मोटरसायकलनं येऊन-जाऊन. शाळेच्या आवारातच अंगणवाडी होती आणि ताई तिथल्या सेविका. त्या त्याच पाड्यावरच्या, वारली, मिशनच्या वसतिगृहात राहून दहावी झालेल्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगी, ती चिंचणीला दिलेली. घरात एकट्या, पण घरात फारशा नसायच्याच.

पाड्यावरची निम्मी घरं ख्रिस्ती. टेकाडावर पत्र्याचं प्रार्थनाघर आहे. मिशनमधले फादर महिन्यातून एकदा मिस्सेला, म्हणजे मोठ्या उपासनेला, यायचे. बाकीचे रविवार ताई प्रार्थना चालवायच्या, मुलांना धर्मशिक्षण द्यायच्या, आजाऱ्यांकडे जायच्या, कुणी गेलं तर मातीला उभ्या राहायच्या. फादर आणि सिस्टर सोडून उरलेल्या सगळ्यांना चर्चच्या भाषेत 'प्रापंचिक' म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. म्हणजे मीही प्रापंचिकच की, असं मी म्हटलं, तर क्षणभर विचार करून म्हणाल्या, "तुम्ही हिंदू प्रापंचिक."

शिस्त अशी की आठ म्हणजे आठ. आठला त्या टांगलेल्या लोखंडी पट्टीवर तीन टोले द्यायच्या आणि दार ओढून घ्यायच्या. उशिरा आलेला बाहेर ओट्यावर उभा राहून प्रार्थना ऐकायचा, मग तो पॅरिश कौन्सिलचा सभासद का असेना. आमच्याकडे अधूनमधून जमीन हलते, तेव्हाही तेच. मी वर्गाबाहेर काढलेल्या चपला शोधेपर्यंत ताईंनी त्यांची पोरं आणि माझी पोरं, दोन्ही, मैदानात रांगेत बसवलेली असायची. मला पाहून म्हणायच्या, "या गुरुजी, तुमचीच वाट बघतोय."

जुने फादर होते तोवर भाषेचा प्रश्न नव्हता. ते वारली शिकलेले, जमिनीवर बसून लोकांशी बोलायचे. ते वारले, आणि मग दक्षिणेकडचे तरुण फादर आले. माणूस चांगला, पण हिंदीच बोलणार. मग ते हिंदीत प्रवचन देणार आणि ताई शेजारी उभ्या राहून ते वारलीत सांगणार, अशी पद्धत पडली. एकदा मी प्रार्थनाघराच्या ओट्यावर होतो. फादर वीसेक मिनिटं बोलले. ताईंनी दोन वाक्यांत सांगितलं. फादरांनी विचारलं, एवढंच? तर म्हणाल्या, बाकीचं त्यांना माहीत आहे.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. दुसऱ्याच्या शब्दांतलं काय ठेवायचं आणि काय गाळायचं, हे पाड्यावर फक्त त्यांच्या हातात होतं. त्यांना ते माहीत होतं, मलाही.

इथे लहान्याबद्दल सांगायला हवं.

लहान्या हा जानी नावाच्या म्हाताऱ्या बाईचा एकुलता मुलगा. ताईंच्या अंगणवाडीतला, मग त्यांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातला सगळ्यांत हुशार. आवाज चांगला, वाचन स्वच्छ. आपल्यानंतर प्रार्थना हाच चालवणार, असं त्या उघड म्हणायच्या. तो झाईला बोटीवर कामाला लागला, आणि तिकडच्या ओळखीतल्या मुलीशी त्याचं जमलं. मुलीकडच्यांना लग्न वारली रीतीनं हवं होतं. धवलेरीनं, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणाऱ्या बाईनं, ते लावलं. चर्चमध्ये नंतर लावू, असं लहान्या म्हणाला होता. ते नंतर काही आलं नाही. ताईंनी त्याच्याशी बोलणं टाकलं. दोन वर्षांत तो काविळीनं गेला. चोवीस-पंचवीसचा होता.

त्या दिवशी मी शाळेत होतो. टेकाडाच्या उतारावर ख्रिस्ती लोकांची पुरायची जागा आहे. लोक त्याला तिकडे नेताना वर्गातून दिसत होते. ताईंनी सकाळी मला सांगितलं होतं की तलासरीला मीटिंग आहे. दुपारी पोरांची खिचडी उरली म्हणून मी अंगणवाडीकडे गेलो, तर दार आतून बंद, आणि फटीतून ताई भिंतीला टेकून बसलेल्या दिसल्या. मी पातेलं दाराशी ठेवून परत आलो. कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी कळलं की लहान्यावर प्रार्थना झालीच नाही. लग्न चर्चचं नव्हतं म्हणून फादरांनी नको सांगितलं, असं लोक म्हणाले. जुने फादर तेव्हा मिशनमध्ये अंथरुणाला खिळलेले होते. मलाही ते खरं वाटलं. त्यानंतर थोड्याच महिन्यांत फादर गेले.

सहा वर्षं यावर कुणी बोललं नाही. जानी रविवारी प्रार्थनेला यायची, मागे बसायची, आणि संपली की कुणाशी न बोलता उतरून जायची. ताईंकडे तिनं कधी मान वर करून पाहिलं नाही.

मग मिशनकडून निरोप आला. देशभरच्या चर्चनं ठरवलं होतं की आपल्या लोकांचं म्हणणं पाड्यापाड्यावर जाऊन ऐकायचं. त्यासाठी वरून तीन माणसं येणार होती. पुढे बंगळूरला मोठी बैठक, तिथे देशाच्या कानाकोपऱ्यातले बिशप, फादर आणि निवडक प्रापंचिक बसणार. आमच्या भागातून तरुण फादरांनी ताईंचं नाव कळवलं होतं. ताई कधी मुंबईच्या पुढे गेलेल्या नव्हत्या. त्यांनी ओळखपत्रासाठी फोटो काढून घेतला, आणि बंगळूरला थंडी असते का, हे मला दोन वेगवेगळ्या दिवशी विचारलं.

शनिवारी शाळा सुटल्यावर प्रार्थनाघरात सभा होती. वृत्तांत मराठीत लिहून हवा होता. माझं अक्षर बरं आणि मी ना ख्रिस्ती ना पाड्यावरचा, म्हणून ते काम माझ्याकडे. पाहुण्यांत एक फादर, एक तरुण वकील, आणि त्यांच्या प्रमुख एक निवृत्त प्राध्यापिका, पांढऱ्या केसांच्या, हळू बोलणाऱ्या. त्या हिंदीत म्हणाल्या की चर्चनं तुमच्यासाठी काय केलं ते आम्हाला माहीत आहे, काय चुकवलं ते सांगा. ताईंनी ते वारलीत सांगितलं. एक शब्द कमी नाही.

लोक बिचकत बोलू लागले. वसतिगृहात मुलींना जागा मिळत नाही. गाणी आपल्या भाषेत हवीत. फादर आजाऱ्याकडे उशिरा पोचतात. एकेकाचं संपलं की ताईंचा हात खाली यायचा आणि त्या पाहुण्यांकडे वळून हिंदीत सांगायच्या. मी लिहीत होतो. सगळं सुरळीत चाललं होतं.

मग मागच्या रांगेतून जानी उठली.

पाड्यावर सगळे सगळ्यांना 'तू' म्हणतात, ताई सोडल्या तर मलाही. पण जानी त्या दिवशी कुणालाच उद्देशून बोलत नव्हती, समोरच्या भिंतीशी बोलत होती. ती वारलीत जे बोलली ते माझ्या मराठीत देतो. "माझा लहान्या मेला तेव्हा त्याच्यावर प्रार्थना झाली नाही. आम्ही त्याला मुक्यानं पुरला, कुत्रं पुरतात तसा. फादरनं नको सांगितलं. आणि ही आली नाही. लहानपणी त्याला भात हिनंच भरवलेला. ही दार लावून बसली."

ताईंचा हात अजून वर होता. वारली कळणारे सगळे मान खाली घालून बसलेले. न कळणारी चार माणसं, तीन पाहुणे आणि तरुण फादर, ताईंच्या तोंडाकडे बघत होती. माझं पेन कागदावर टेकलेलं, आणि मी, खरं सांगतो, मनातून म्हणत होतो की ताई, शेवटचं गाळा. एका बाईचा मुलगा गेला, तिला दुःख आहे, असं सांगा आणि पुढे चला. तेवढं तुम्हाला येतं. इथलं कुणी तुम्हाला बोलणार नाही.

ताईंचा हात खाली आला. त्या पाहुण्यांकडे वळल्या आणि त्यांनी सगळं सांगितलं. मुक्यानं पुरला, हे. कुत्र्याचं, ते. भाताचं सांगताना आवाज जरा खाली गेला, पण सांगितलं. आणि 'ही आली नाही' हे सांगून झाल्यावर छातीवर बोटं टेकवून म्हणाल्या, ही म्हणजे मी.

पाहुण्यांतल्या फादरांनी चष्मा काढला. प्राध्यापिकाबाईंनी विचारलं, कुठल्या फादरांनी नको सांगितलं? ताईंनी प्रश्न जानीला सांगितला. जानी म्हणाली, म्हाताऱ्या फादरनं. एक जण पुढून पुटपुटला की मेलेल्या माणसाचं आता कशाला काढायचं. ताईंनी त्याच्याकडे न बघताच हात वर केला, आणि तो गप्प झाला. जानीचं संपलं होतं. ती उभीच होती.

पण ताईंनी या वेळी जानीचं उत्तर सांगितलं नाही. वकिलानं वही उघडून ठेवली होती, त्या फादरांचं नाव लिहायला. त्या वहीकडे ताई बघत राहिल्या.

"आता जे सांगते ते जानीचं नाही," त्या हिंदीत म्हणाल्या. "हे माझं आहे. फादरांनी नको सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नाही."

तरुण फादर पुढे झुकले. ताईंना वाट काढून द्यावी अशा सुरात त्यांनी विचारलं, ते आजारी होते, म्हणून विचारलं नसेल?

"नाही," ताई म्हणाल्या. "विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. म्हणून विचारलं नाही."

माझं पेन थांबलं. हे वृत्तांतात कसं लिहावं, लिहावं का, मला कळेना. ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"गुरुजी, लिहा."

मी लिहिलं. सभेतली हिंदी कळणारी माणसं, टमटम चालवणारे, कंपनीत जाणारे, एकमेकांकडे बघू लागली. एक कुजबुज पुढून मागे गेली. जानीला हिंदी कळत नाही. तिला एवढंच दिसलं की ही काहीतरी बोलली आणि सगळी माणसं बदलली. तिनं पहिल्यांदा ताईंकडे सरळ पाहिलं आणि विचारलं, "त्यांना काय सांगितलंस?"

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना शब्दाला अडलेलं पाहिलं नव्हतं. मला वारली येत होती. मी म्हटलं आपण सांगावं, एवढं तरी त्यांच्या अंगावरून घ्यावं, आणि अर्धा उठलोही. ताईंचा हात माझ्याकडे वर झाला. मी बसलो.

मग त्या जानीच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "फादरनं नाही," त्या आपल्या भाषेत म्हणाल्या. "मी सोडला लहान्याला. मला राग होता. तो माझा होता, आणि त्यानं मला विचारलं नाही, म्हणून."

जानीनं ऐकून घेतलं. वाकून आपली टोपली उचलली आणि दारातून बाहेर पडली. उतारावर तिची काठी वाजत गेली, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली.

पुढचे तीन आठवडे पाड्यावर वाईट गेले. काही जण म्हणत होते, निदान बोलली तरी. जास्त जण चिडलेले होते, आणि तेही बरोबर होते. जे फादर आपली भाषा शिकले, त्यांना आपण सहा वर्षं मनातल्या मनात दोष दिला, तो हिच्यामुळे. दोन घरांनी पोरं अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. ताई रोज त्या दोन्ही घरांवरून जायच्या, दाराशी थांबायच्या, आणि पुढे यायच्या. माझ्याशी कामापुरतं बोलायच्या. मीही त्या दिवशी फटीतून पाहिलं होतं, हे मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माहीत आहे. पातेलं कुणी ठेवलं असणार?"

त्यांनी बंगळूरचं नाव मागे घेतलं. तरुण फादर अंगणवाडीत येऊन पोरांच्या लहान खुर्चीवर बसून त्यांना समजावत होते. प्राध्यापिकाबाईंचाही निरोप होता की अशाच माणसानं यायला हवं. ताई भाजी निवडत होत्या. "तिथे जाऊन काय सांगू, लोकांचं ऐका म्हणून?" त्या म्हणाल्या. फादर म्हणाले, तेच सांगा. ताईंनी मान हलवली. रविवारची प्रार्थनाही त्यांनी सोडली. अंगणवाडीच्या मदतनीस बाई मला सोमवारी सांगायच्या की ताई बायकांत मधे कुठेतरी बसतात, आणि एक टमटमवाला अडखळत पुस्तक वाचतो. ताईंना प्रत्येक चूक कळते, पण त्या मान वर करत नाहीत.

चौथ्या आठवड्यात, एका मंगळवारी, शाळा सुटायच्या वेळी जानी आवारात आली. बरोबर लहान्याची बायको. जानी अंगणवाडीच्या दाराशी उभी राहिली. आत आली नाही.

"त्याची प्रार्थना राहिली आहे," ती म्हणाली.

ताई उठून उभ्या राहिल्या. फादर पहिल्या रविवारी येतील, त्यांना सांगून मिस्सा ठेवू, असं काहीतरी त्या बोलू लागल्या. जानीनं पूर्ण होऊ दिलं नाही.

"फादरनं नव्हती सोडली. जिनं सोडली तिनं करायची."

ताईंनी पुस्तक घेतलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण जानीनं जाता जाता माझ्याकडे पाहून म्हटलं, "तूही चल, गुरुजी. त्या दिवशी तूही आला नाहीस."

आम्ही चौघं उतारावर गेलो. ऊन कलतं झालं होतं. लहान्याचं थडगं म्हणजे करवंदीच्या जाळीशेजारी दगडांची एक ओळ, बस. ताईंनी पुस्तक उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. मराठीतली प्रार्थना, त्यांना पाठ असलेली, तरी बोट ओळीखाली ठेवून वाचत होत्या. जिथे मेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं तिथे आल्या आणि त्यांनी बाप्तिस्म्याचं नाव घेतलं, योसेफ.

"कोण योसेफ?" जानी म्हणाली. "लहान्या म्हण."

ताईंचं बोट त्या जागी थांबलं. "लहान्या," त्या म्हणाल्या, आणि तिथून पुढे त्यांना वाचता येईना. खांदे हलत होते, पण आवाज नव्हता. लहान्याच्या बायकोनं त्यांच्या हातातलं पुस्तक धरून ठेवलं, पडू नये म्हणून. जानी वाट बघत उभी राहिली. घाई केली नाही, आणि पुढे जाऊन हातही धरला नाही. बऱ्याच वेळानं ताईंनी उरलेल्या ओळी वाचल्या, एकही न गाळता. सगळं झाल्यावर जानीनं "आमेन" म्हटलं. मोठ्यानं म्हटलं.

यानंतर दोघी मैत्रिणी झाल्या, असं सांगितलं तर ते खोटं होईल. जानी त्यांच्याशी बोलायला लागली, एवढंच. रविवारची प्रार्थना ताईंनी परत हातात घेतली नाही. त्या कामाला आता तीन माणसं आहेत, आळीपाळीनं. बंगळूरला शेजारच्या पाड्यावरची एक शिक्षिका गेली. पण कुठल्याही घरात कुणी गेलं की माणूस आधी ताईंकडे यायचा, आणि त्या जायच्या. लग्न चर्चचं होतं का, रविवारी येत होता का, भगताकडे गेला होता का, काही विचारायच्या नाहीत. एकदा मी म्हटलं, फादरांना कळवलंत का? तर म्हणाल्या, नंतर कळवीन, आधी पोचते.

ताई गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. अंगणवाडीतून निवृत्त होऊन चार महिने झाले होते. सकाळी छातीत दुखलं, आणि दवाखान्याची गाडी पाड्यावर पोचेपर्यंत संपलं होतं. माझी बदली तोवर डहाणूजवळ झाली होती. निरोप मिळाला तसा निघालो.

अंगणात तीन पाड्यांची माणसं होती. त्यांत एक धवलेरीही होती, ओट्याच्या कडेला बसलेली. तरुण फादर पोचायचे होते. घरात बायका ताईंना तयार करत होत्या. मी दारातच थांबलो, पण आतलं दिसत होतं. चिंचणीची मुलगी उशाशी बसून आईचे केस विंचरत होती, पण भांग पुन्हा पुन्हा वाकडा जात होता. जानी भिंतीशी बसून ते बघत होती. मग ती हातांवर जोर देऊन उठली, उशाशी आली, आणि मुलीच्या हातातून फणी घेतली. केस सगळे मोकळे केले. तळहातावर तेल घेतलं, आणि पहिल्यापासून सुरुवात केली.